भिजवलेला नकाशा

‘द कोकोनट्स’ या बोलपटातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात ग्राउचो मार्क्सच्या हातातला नकाशा नीट पाहावा. तो ओल्या फडक्यासारखा लोंबतो, कारण तो खरोखरच पाण्यात भिजवलेला आहे. १९२९ सालचे माइक कागदाची कुरकुर एवढी मोठी करून टिपत, की संवाद त्यात बुडून जात.

चित्रीकरण झालं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, पॅरामाउंटच्या अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत. ब्रॉडवे जवळ असल्यानं बोलण्यात मुरलेले नट इथे सहज मिळत. ग्राउचो आणि त्याचे भाऊ, म्हणजे मार्क्स बंधू, दिवसा इथे काम करत आणि रात्री ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’च्या नाट्यप्रयोगाला उभे राहत. ‘द कोकोनट्स’ हेही मुळात त्यांचं १९२५चं संगीत नाटक. लेखन जॉर्ज कॉफमनचं, गाणी आयर्विंग बर्लिनची आणि विषय फ्लोरिडातला जमिनींचा सट्टा.

कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून तो ऑपरेटरसकट बंद खोक्यात ठेवलेला असे. त्यामुळे दृश्यं जागच्या जागी खिळतात, नट एका रांगेत उभे राहून बोलतात. प्रेमकथेचा भाग तर आज कंटाळवाणाच वाटतो. तरी रॉबर्ट फ्लोरी आणि जोसेफ सँटली या दिग्दर्शकांनी हार मानली नाही. एका नृत्यात नर्तिका थेट वरून टिपल्या आहेत, फुलाच्या पाकळ्या उघडाव्यात तशा.

पण या चित्रपटाचा जीव आहे तो बोलण्यात. ग्राउचो नकाशावरचा ‘व्हायाडक्ट’ (पूल) दाखवतो, त्याचा भाऊ चिको ‘व्हाय अ डक?’ ऐकतो आणि बदकच का, कोंबडी का नाही, असा वाद पेटतो. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं येऊन आदळतं. मूकपटातल्या लिखित पाट्यांना हा वेग कधीच झेपला नसता. वर्षानुवर्षं प्रेक्षकांसमोर घासून तयार झालेली ही लय माइकनं आहे तशी पकडली. मला या चित्रपटाचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

आणि त्यांचा भाऊ हार्पो? ज्या चित्रपटात सगळे बोलायला आले, त्यात तो एक शब्दही बोलत नाही. हॉटेलच्या काउंटरवरची शाई पितो, टेलिफोन चावून खातो, भोंगा वाजवतो, मग वीणेसारख्या आपल्या हार्पवर तन्मयतेनं बोटं फिरवतो. मूकपटात सगळेच मुके होते. हार्पोचं न बोलणं उठून दिसायला भोवती ग्राउचोची बडबड ऐकू येणं भाग होतं. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’ पडद्यावर आला तेव्हाही ही वाटणी कुणी बदलली नाही.