'बॉलकडं बघ की रं!' म्हणणं सोपं आहे, पण डोळ्याला ते जमतच नाही

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की वाटेत तामलवाडी लागते. इथं काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, टेनिस बॉलचा डाव रंगला की एक ओरडा हमखास ऐकू येतो, "बॉलकडं बघ की रं, ध्यान कुठं हाय तुझं?"

चेंडू हुकलेलं पोरगं पुढच्या वेळी डोळे फाडून बघतं. तरी पुन्हा हुकतं. मग त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

खरं तर वेगानं येणाऱ्या चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवणं माणसाच्या डोळ्याला शक्यच नाही. याचा सगळ्यात बारीक अभ्यास झालाय तो क्रिकेटच्या चुलत भावाचा, म्हणजे बेसबॉलचा. (२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हे दोन्ही खेळ असतील. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत झाला होता.)

फक्त ०.४ सेकंद

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो. फेकताना तो पुढे पाऊल टाकतो, त्यामुळे अंतर आणखी कमी होतं. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू हिटरपर्यंत पोहोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे मारायचं की सोडायचं, हे चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच ठरवावं लागतं. क्रिकेटसारखा टप्पा इथं नसतो, चेंडू थेट येतो.

टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका व्यावसायिक खेळाडूची नजर चेंडूवर कुठपर्यंत टिकते, हे मोजलं होतं. चेंडू साडेपाच फुटांवर आला आणि नजर मागे पडली. विद्यार्थ्यांची नजर तर त्याच्याही आधी सुटली. चेंडू जवळ येतो तसा तो डोळ्यांसमोरून इतक्या झपाट्यानं सरकतो, की बुबुळं तेवढ्या वेगानं फिरूच शकत नाहीत.

मग चेंडू लागतो कसा?

अंदाजानं. पण हा अंदाज हवेतला नसतो. हजारो चेंडू खेळून मेंदूत एक साठा तयार झालेला असतो. पिचरचा खांदा, मनगट, बोटं आणि चेंडू सुटल्यावरची पहिली काही फूट एवढ्यावरून मेंदू ठरवतो, की हा कुठं येणार.

तो साठा नसेल तर काय होतं? २००४ मध्ये सॉफ्टबॉलपटू जेनी फिंचनं एका प्रदर्शनीय सामन्यात अल्बर्ट पुजोल्स, माईक पियाझा अशा दिग्गज बेसबॉलपटूंना बाद केलं. तिचा चेंडू त्यांच्या नेहमीच्या चेंडूंपेक्षा हळू होता. अंतर कमी असल्यानं वेळ मात्र जवळपास तेवढाच मिळत होता. पण तिचा हात खालून यायचा आणि अशी फेक वाचायची त्यांना सवय नव्हती. डोळे तेच होते, साठा वेगळा होता.

क्रिकेटमध्येही हेच दिसतं. ब्रिटनच्या मायकेल लँड आणि पीटर मॅकलाऊड यांनी २००० मध्ये दाखवून दिलं, की फलंदाज चेंडू सुटताना बघतो आणि मग नजर थेट टप्पा पडणार त्या जागी नेऊन ठेवतो. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो.

सचिन तेंडुलकरचं १९९८चं उदाहरण बघा. शेन वॉर्न येणार म्हणून त्यानं लेग स्टंपबाहेरची खेळपट्टी मुद्दाम खडबडीत करून घेतली आणि तिथं लक्ष्मण शिवरामकृष्णनला गोलंदाजी करायला लावली. चेन्नई कसोटीत पहिल्या डावात वॉर्ननं त्याला ४ धावांवर बाद केलं खरं, पण दुसऱ्या डावात तो नाबाद १५५ होता.

आणि मनाचं काय?

निर्णयाला जेमतेम पाव सेकंद मिळतो. त्यात मागचा हुकलेला चेंडू, बाहेरचा ओरडा आणि 'बाद झालो तर?' ही भीती डोक्यात असेल, तर पिचरचं मनगट दिसणार कधी? म्हणून अमेरिकेतले हिटर नजरेचीही एक शिस्त पाळतात. सुरुवातीला ते पिचरच्या टोपीवर किंवा छातीवर सैल नजर ठेवतात आणि हात वर येताना ती चेंडू सुटणार त्या बिंदूवर नेतात. आधीपासूनच टक लावली तर डोळे ऐनवेळी थकतात.

इव्हान लाँगोरियाची युक्ती याहून साधी होती. क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा यांच्या शिकवणीनुसार मन सैरभैर झालं, की तो मैदानाच्या डाव्या कडेच्या खांबाचं टोक बघायचा, श्वास घ्यायचा आणि मगच खेळायला उभा राहायचा.

आपल्याकडे हे काम नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी केलं. निवृत्त आयपीएस अधिकारी असलेल्या बाम यांनी राहुल द्रविड, नेमबाज अंजली भागवत अशा अनेकांना मार्गदर्शन केलं. त्यांची पद्धत योगावर उभी होती. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

गावातल्या मैदानावर काय करता येईल?

बेसबॉलमधला एक सराव बिनखर्चाचा आहे. पाच-सहा टेनिस बॉलवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावायची. फलंदाजानं नेहमीसारखं उभं राहायचं, पण बॅट फिरवायची नाही. चेंडू हातातून सुटला की फक्त रंग ओरडायचा. पुढच्या फेरीत रंगाबरोबर टप्पा कुठं पडणार तेही सांगायचं. आठवडाभरानं बॅट फिरवायला घ्यायची. तोवर बाहेरच्यांनी ओरडायचं नाही, एवढी एक अट.