पाणी माणसासाठी, रक्त मंदिरासाठी

यरुशलेमच्या मंदिरात रात्रीच्या पहाऱ्यावर असलेले याजक शेकोटीच्या दालनात झोपत. घराण्यातली वडीलधारी मंडळी अंगणाच्या किल्ल्या जवळ बाळगून झोपत, तरुण याजक जमिनीवर अंथरूण टाकून. सेवेची वस्त्रं घालून झोपायला मनाई होती. ती घडी करून उशाशी ठेवायची. यातल्या एखाद्याचा झोपेत वीर्यपात झाला तर त्याने काय करायचं, हे ‘मिश्ना’ या यहूदी ग्रंथात लिहून ठेवलं आहे. त्याने उठून मंदिराखालच्या नागमोडी वाटेने खाली जावं. वाटेत दोन्ही बाजूंना दिवे तेवत असत. खाली स्नानाचं दालन, तिथेही शेकोटी, आणि जवळच शौचालय. शौचालयाचं दार बंद दिसलं तर आत कुणीतरी आहे असं समजावं, इतकी बारीक सूचनाही ग्रंथ देतो. त्याने पाण्यात पूर्ण बुडी घ्यावी, अंग पुसावं, शेकोटीपाशी ऊब घ्यावी आणि परत येऊन भाऊबंदांमध्ये बसावं. दरवाजे उघडले की मुकाट्याने निघून जावं.

या वर्णनात कुठे खडसावणं नाही, दंड नाही, पश्चात्तापाची प्रार्थना नाही. मात्र स्नान करूनही तो माणूस त्या दिवशी वेदीपाशी जात नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायाचा नियम असा, की त्याने अंग धुवावं आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं. पाण्याने आपलं काम केलेलं असतं, सूर्य मात्र अजून मावळायचा असतो.

प्राचीन इस्राएलचं शुद्धीशास्त्र समजून घ्यायला मला हा प्रसंग सगळ्यात उपयोगी वाटतो. अशुद्धी म्हणजे घाण नव्हे आणि पापही नव्हे. ती शरीराला येणारी एक अवस्था आहे. लेवीयच्या ११ ते १५ या अध्यायांत आणि गणनेच्या १९ व्या अध्यायात तिची उगमस्थानं दिली आहेत: मेलेली जनावरं, बाळंतपण, त्वचेचे काही विकार, मासिक पाळी, वीर्यपात, आजारातले स्राव आणि सगळ्यात तीव्र म्हणजे माणसाचं प्रेत. यातलं बहुतेक काही टाळण्यासारखं नाही, आणि काही तर टाळणंच चूक. मुलं व्हायला हवीत, आईबापांना मूठमाती द्यायलाच हवी. मुख्य याजक सोडला तर साध्या याजकालाही जवळच्या नातलगासाठी प्रेताचा विटाळ घेण्याची मुभा आहे. अशुद्ध माणूस वाईट ठरत नाही. फक्त त्याने त्या अवस्थेत देवाच्या घरात यायचं नाही आणि पवित्र अन्नाला हात लावायचा नाही.

विटाळ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जन्माला चिकटलेली अस्पृश्यता उभी राहते, आणि ते स्वाभाविक आहे. इथला विटाळ तसा नाही. तो राजालाही लागतो, मुख्य याजकालाही लागतो, आणि बहुतेकदा ठरलेल्या दिवशी उतरतो. पण या व्यवस्थेला उगाच उजळ करण्यातही अर्थ नाही. याजकपद अहरोनाच्या वंशातच राहिलं. मुलगा झाला तर बाळंतीण एकूण ४० दिवस मंदिरापासून दूर, मुलगी झाली तर ८०. याचं कारण मूळ ग्रंथ देत नाही आणि नंतरच्या कुठल्याही स्पष्टीकरणाने माझं समाधान झालेलं नाही. हेरोद राजाच्या मंदिरात परक्यांना अडवणारा कठडा होता. त्यावरचा ग्रीक शिलालेख क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला १८७१ मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. आत पाऊल टाकणारा आपल्या मृत्यूला स्वतः जबाबदार राहील, असं तो बजावतो.

आता पाण्याकडे वळू. निर्गमच्या ३० व्या अध्यायात मोशेला पितळेचं गंगाळ करायला सांगितलं आहे. जागाही नेमकी ठरलेली: दर्शनमंडप, म्हणजे मंदिराआधीचा देवाचा तंबू, आणि वेदी यांच्यामध्ये. मंडपात शिरण्याआधी किंवा वेदीवर अर्पण जाळण्याआधी याजकाने त्यात हातपाय धुवायचे, नाहीतर तो मरेल. हे गंगाळ मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं घडवलं होतं, असं त्याच ग्रंथात पुढे येतं. त्या काळी आरसे धातूचेच असत. त्या स्त्रिया तिथे नेमकी कोणती सेवा करत, याबद्दल ग्रंथ गप्प आहे. त्यांचे आरसे मात्र याजकांच्या हातापायांखाली आले.

शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा या गंगाळाचा ‘सागर’ झाला. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायातलं वर्णन असं: १० हात व्यासाचं, ५ हात उंचीचं ओतीव पात्र, बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेलं, तीन बैलांची तोंडं उत्तरेला, तीन पश्चिमेला, तीन दक्षिणेला, तीन पूर्वेला. त्यात २,००० बथ पाणी मावे. एक बथ साधारण २२ लिटर धरला तर ४४,००० लिटर. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच आकडा ३,००० बथ आहे. शिवाय चाकांच्या गाड्यांवर दहा लहान गंगाळं होती. कामाची वाटणीही तिथे सांगितली आहे: सागर याजकांच्या स्नानासाठी, लहान गंगाळं होमार्पणाचे भाग धुण्यासाठी. कारण पशूलाही पाणी लागत असे. वेदीवर चढवण्याआधी त्याची आतडी आणि पाय धुवायलाच हवेत, असं लेवीयचा पहिलाच अध्याय सांगतो. पुढे आहाज राजाने सागराखालचे बैल काढून घेतले आणि तो दगडी फरशीवर ठेवला. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने तो फोडून त्याचं पितळ वाहून नेलं.

नंतर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या मंदिरातल्या गंगाळाबद्दल मिश्नात एक माणूस भेटतो, बेन कातीन. आधी गंगाळाला दोन तोट्या होत्या, त्याने बारा केल्या. रात्रभर पात्रात राहिलेलं पाणी सेवेला चालत नसे, म्हणून गंगाळ रात्री पाण्यात उतरवून ठेवण्यासाठी त्याने लाकडी चाकाचं यंत्र बसवलं. पहाटे वेदीवरची राख काढायचा मान ज्या याजकाला मिळे, तो एकटाच, हातात दिवा न घेता, वेदीच्या विस्तवाच्या उजेडात चालत जाई. बाकीच्यांना तो दिसत नसे. बेन कातीनच्या चाकाचा आवाज आला की त्यांना कळे, तो हातपाय धुतो आहे. धुण्याची रीतही ठरलेली होती: उजवा हात उजव्या पायावर, डावा हात डाव्या पायावर, आणि दोन्ही एकाच वेळी धुवायचे. दिवसभर अनवाणी पायांनी गार फरशीवर वावरणं, भरपूर मांस खाणं आणि वर पाणी पिणं यामुळे याजकांना पोटाचे विकार जडत. त्यासाठी मंदिरात बेन अहिया नावाचा खास माणूस नेमलेला होता.

पाण्याने माणूस शुद्ध होई. मग रक्त कशासाठी? लेवीयवर तीन खंडांचं भाष्य लिहिणाऱ्या जेकब मिलग्रोम यांनी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, त्याने या विषयाचा अभ्यासच बदलला. बाळंतिणीला ठरलेले दिवस संपल्यावर ‘पापार्पण’ म्हणून एक पक्षी आणावा लागे. तिने पाप कोणतं केलं? काहीच नाही. मिलग्रोम यांनी दाखवून दिलं की या अर्पणाचं रक्त माणसाच्या अंगावर लावतच नाहीत. ते वेदीच्या शिंगांना लावतात, पडद्यासमोर सात वेळा शिंपडतात. म्हणजे धुतलं जातं ते मंदिर. लोकांची अशुद्धी आणि अपराध लांबूनही देवाच्या घरावर साचत जातात. तो थर वेळच्या वेळी काढला नाही तर त्या घरात देव राहणार नाही. अपराध जितका गंभीर, तितकं रक्त आत जाई. एखाद्याकडून नकळत चूक झाली तर अंगणातल्या वेदीपर्यंत. सगळ्या मंडळीकडून किंवा मुख्य याजकाकडून झाली तर आतल्या धूपवेदीपर्यंत. आणि जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यांचा साठा थेट परमपवित्र स्थानात, जिथे वर्षातून एकच दिवस, एकच माणूस जाई. मिलग्रोम यांच्या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले, पण रक्त कुठे लागतं याकडे त्यांनी सगळ्यांना बघायला लावलं, हे त्यांचं देणं मोठं आहे.

त्या एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक पाच वेळा पूर्ण स्नान करी आणि दहा वेळा हातपाय धुई. त्याच्यात आणि लोकांत तागाची चादर धरली जाई. तो म्हातारा किंवा नाजूक प्रकृतीचा असला तर गार पाण्यात ऊन पाणी ओतून ते कोमट करत. सोन्याची वस्त्रं उतरवायची, साधी तागाची घालायची, पुन्हा उलट; प्रत्येक बदलाला स्नान. आणि इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तो आत जाताना जसं स्नान करतो, तसंच बाहेर येतानाही करतो. त्या दिवशी लोकांची पापं वाहून नेणारा बकरा रानात सोडून आलेला माणूसही छावणीत शिरण्याआधी अंग धुतो. पापार्पणाचं रक्त वस्त्रावर उडालं तर ते वस्त्र पवित्र जागीच धुवायचं. मांस शिजवलेलं मातीचं भांडं फोडायचं, पितळेचं घासून खळखळून धुवायचं. पावित्र्यही अंगाला चिकटतं आणि ते अंगावर घेऊन बाजारात जाता येत नाही. पाणी दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यावर लागतं.

प्रेताच्या विटाळाला मात्र साधं पाणी पुरत नसे. त्यासाठी तांबडी कालवड गंधसरू, एजोब आणि किरमिजी सुतासह जाळायची, तिची राख वाहत्या पाण्यात मिसळायची आणि ते पाणी तिसऱ्या व सातव्या दिवशी माणसावर शिंपडायचं. हे पाणी अशुद्धाला शुद्ध करी आणि ते तयार करणाऱ्या शुद्ध माणसांना संध्याकाळपर्यंत अशुद्ध करी. या विधीसाठीची काळजी पराकोटीची होती. खाली कुठे अज्ञात थडगं असेल या भीतीने काही वाडे खडकावर पोकळी सोडून बांधलेले असत. तिथे जन्मलेली, वाढलेली मुलं दगडी पेले घेऊन, बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या फळ्यांवर बसून शिलोहाच्या तळ्यावर पाणी आणायला जात, असं मिश्ना सांगते. याच विधीवरून सदूकी आणि परूशी या दोन यहूदी पंथांत जोराचा वाद होता. कालवड जाळणाऱ्या याजकाने स्नानानंतर सूर्यास्ताची वाट बघायलाच हवी, असं सदूकी म्हणत. स्नान पुरेसं आहे हे सिद्ध करायला दुसरी बाजू त्याला मुद्दाम विटाळवून तिथेच बुडी घ्यायला लावी.

सणाला येणाऱ्या गर्दीचं काय होत असेल? मंदिरटेकडीच्या दक्षिणेला बेंजामिन मझार यांनी १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा दरवाजांकडे चढणाऱ्या पायऱ्यांजवळ खडकात कोरलेली स्नानकुंडं सापडली. अशी पायऱ्यांची कुंडं देशभर शेकड्यांनी मिळाली आहेत आणि त्यांची सुरुवात हॅस्मोनियन काळात, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीकडे होते. शलमोनाच्या काळातली एकही नाही. म्हणजे लेवीयमधलं ‘अंग धुवावं’ हे पूर्ण बुडी मारण्याइतकं काटेकोर झालं ते बरंच नंतर. त्याच सुमारास दगडी भांड्यांची चलती झाली, कारण दगडाला विटाळ लागत नाही असं मानत. हिज्मा इथे चुनखडीची भांडी बनवण्याच्या खाणी मिळाल्या आहेत. डोंगरावरच्या या शहराला मोठा झरा एकच, गीहोन. म्हणून बेथलेहेमजवळच्या तळ्यांतून सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या पाटाने पाणी आणत. पाटाच्या बांधकामासाठी रोमन सुभेदार पिलाताने मंदिराच्या खजिन्यातला पैसा वापरला तेव्हा दंगल उसळली आणि सैनिकांच्या सोट्यांखाली माणसं मेली, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. वेदीच्या पायथ्याशी दोन छिद्रं होती. त्यातून रक्त किद्रोनच्या ओढ्याकडे वाहे आणि खत म्हणून माळ्यांना विकलं जाई.

एवढी व्यवस्था बघताना तिच्या आतून उठलेला आवाज ऐकायलाच हवा. खून, मूर्तिपूजा आणि व्यभिचार यांनीही भूमी विटाळते, पण हा विटाळ कुठल्याही स्नानाने जात नाही. यशया संदेष्टा हात रक्ताने भरलेल्या उपासकांना धुवा म्हणतो, आणि लगेच सांगतो ते पोरक्यांना न्याय द्यायला. पुढे ज्ञानी गुरूंनी स्वतःच मंदिराबद्दलची एक भयंकर कथा जपली. दोन याजक वेदीच्या उतारावर शर्यत लावून धावत होते. एकाने दुसऱ्याला सुरी खुपसली. जखमी पोराचा बाप धावत आला. त्याने पाहिलं आणि सांगितलं, मुलगा अजून तडफडतो आहे, जीव गेलेला नाही, तेव्हा सुरी अजून अशुद्ध झालेली नाही. लोकांना खुनापेक्षा सुरीचा विटाळ मोठा वाटू लागला होता, अशी टिप्पणी त्या गुरूंनी कथेलाच जोडली आहे. आपल्याच पवित्र स्थानाबद्दल हे लिहून ठेवायला धैर्य लागतं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं. स्नानकुंडं घराघरांत, वस्त्यांत चालू राहिली. हात धुणं जेवणाच्या ताटापर्यंत आलं. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहूदी समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादेत, म्हणजे वल्हांडणाच्या विधीच्या पुस्तकातही, त्या सणाच्या रात्री भाजी बुडवण्याआधीचं ते हात धुणं आहेच. राख मात्र संपली. तिच्याशिवाय प्रेताचा विटाळ उतरत नाही, म्हणून शास्त्रानुसार आजचा प्रत्येक यहूदी त्या विटाळातच आहे. मंदिरटेकडीवर पाऊल ठेवू नये, असा इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाचा फलक तिथे आहे तो याच कारणाने. काही रब्बी बाहेरच्या भागात स्नान करून जायची परवानगी देतात. ती राख पुन्हा मिळावी या आशेने सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी इस्राएलमध्ये आणल्या गेल्या. अशा कालवडीच्या अंगावर दोन केस जरी काळे किंवा पांढरे निघाले, तरी ती बाद ठरते.