शाळा मंडळ निवडणुका, इंग्लंडमधील

इंग्लंड व वेल्समध्ये १८७० ते १९०४ या काळात प्राथमिक शाळांची उभारणी व कारभार यांसाठी जी स्थानिक मंडळे अस्तित्वात होती, त्यांच्या सभासदांची मतदारांकडून दर तीन वर्षांनी होणारी थेट निवड. केवळ शिक्षण या एकाच विषयावर उमेदवारांनी मतदारांसमोर जावे आणि निवडून आल्यावर त्या विषयाचाच कारभार पाहावा, हे या निवडणुकांचे वैशिष्ट्य होय. पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मतदानाचा किंवा उमेदवारीचा हक्क नसताना येथे त्यांना उमेदवारी खुली होती. कामगार व अल्पसंख्य धर्मपंथीय यांनाही या निवडणुकांतून स्थानिक सत्तेत वाटा मिळाला. त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासाइतकेच लोकशाहीच्या इतिहासातही त्यांना महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील गोरगरिबांच्या मुलांचे शिक्षण मुख्यत्वे धर्मसंस्थांच्या हाती होते. त्यांपैकी बहुसंख्य शाळा चर्च ऑफ इंग्लंड या राजमान्य पंथाच्या होत्या. त्यांना १८३३ पासून सरकारी अनुदान मिळू लागले, तरी झपाट्याने वाढणाऱ्या औद्योगिक शहरांत शाळांची संख्या अपुरीच पडे. १८६७ च्या कायद्याने शहरांतील अनेक कामगारांना पार्लमेंटसाठी मताधिकार मिळाला आणि मतदार साक्षर असला पाहिजे, ही जाणीव राज्यकर्त्यांत बळावली. विल्यम एडवर्ड फॉर्स्टर (१८१८–८६) यांनी मांडलेला प्राथमिक शिक्षण कायदा १८७० मध्ये संमत झाला. ज्या भागात शाळा अपुऱ्या असतील, तेथे शाळा मंडळ स्थापावे, त्याने स्थानिक करातून पैसा उभारून शाळा बांधाव्यात आणि त्या चालवाव्यात, अशी त्यात तरतूद होती. मंडळाच्या शाळांत कोणत्याही एका पंथाची विशिष्ट प्रश्नोत्तरी वा धर्मसूत्रे शिकविण्यास मनाई करण्यात आली. बायबल शिकवावे किंवा नाही, हे ठरविणे मात्र मंडळाकडे सोपविले गेले. या एका तरतुदीमुळे प्रत्येक निवडणूक धार्मिक वादाचे रणक्षेत्र बनली.

उमेदवार व मतदार : लंडनबाहेरील मंडळात पाच ते पंधरा सभासद असत. उमेदवाराने ठराविक मालमत्ता बाळगली पाहिजे, अशी अट कायद्यात नव्हती, तसेच स्त्रियांना वगळणारे कलमही नव्हते. मतदानाचा हक्क शहरांत नागरिकांच्या यादीतील व्यक्तींना आणि इतरत्र स्थानिक कर भरणाऱ्यांना होता. कुटुंबाचा कर सामान्यतः पतीच्या नावे असल्याने विवाहित स्त्रिया बहुधा मतदानापासून वंचित राहत. स्वतःच्या नावे कर भरणाऱ्या विधवा व अविवाहित स्त्रियांना मात्र मत देता येई. यातून अशी विसंगती निर्माण झाली की, जिला मत देता येत नाही अशी विवाहित स्त्री मंडळावर निवडून येऊ शके.

संचयी मतदान पद्धती : मंडळात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची किंवा हवी तशी वाटून देण्याची त्याला मुभा असे. अल्पसंख्य पंथांनाही प्रतिनिधित्व मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पंधरा जागांच्या मंडळात एका गटामागे एकूण मतदारांच्या सोळाव्या हिश्श्याहून थोडे अधिक मतदार असले आणि त्यांनी आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकली, तर त्याची निवड निश्चित होई. उलट, मोठ्या पक्षाने अधिक उमेदवार उभे केले, तर त्याची मते विभागून तो पराभूत होण्याचा संभव असे. याचे प्रसिद्ध उदाहरण बर्मिंगहॅमचे. तेथील उदारमतवाद्यांनी १८७० मध्ये पंधराही जागांसाठी उमेदवार उभे केले, परंतु त्यांचे सहाच निवडून आले. राजमान्य पंथाच्या बाजूने आठ उमेदवार विजयी झाले आणि सर्वाधिक मते संख्येने लहान असलेल्या कॅथलिक समाजाच्या एकमेव उमेदवाराला पडली. या अनुभवाने शहाणे होऊन १८७३ मध्ये उदारमतवाद्यांनी मोजकेच उमेदवार उभे केले, बहुमत मिळविले आणि त्यांचे नेते जोसेफ चेंबरलिन (१८३६–१९१४) मंडळाचे अध्यक्ष झाले. साहजिकच किती उमेदवार उभे करावयाचे आणि कोणत्या मतदाराने कोणाला किती मते द्यावयाची, याचे गणित मांडणाऱ्या स्थानिक समित्यांना प्रचारात मोठे महत्त्व आले.

लंडनची पहिली निवडणूक : लंडन शाळा मंडळाची पहिली निवडणूक नोव्हेंबर १८७० मध्ये झाली. शहराचे दहा विभाग पाडून ४९ सभासद निवडण्यात आले. सिटी हा विभाग वगळता इतरत्र मतदान गुप्त पद्धतीने झाले. पार्लमेंटच्या निवडणुकांत ही पद्धती त्यानंतर दोन वर्षांनी आली. मॅरिलबन विभागातून डॉ. एलिझाबेथ गॅरेट (१८३६–१९१७) उभ्या होत्या. गरीब स्त्रिया व मुले यांच्यासाठी त्यांनी चालविलेला दवाखाना त्या भागात परिचित होता आणि त्यांना उभे राहण्याचा आग्रह तेथील कामगारांनी धरला होता. सभांतून बोलणे त्यांना प्रथम अवघड वाटले. निकालात त्यांना सु. ४७,८०० मते पडली. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर आलेले ख्यातनाम जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ली (१८२५–९५) यांची मते सु. १३,५०० होती. १८७१ मध्ये विवाह झाल्यानंतरही गॅरेट यांचे सभासदत्व कायम राहिले. ग्रिनिचमधून स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या एमिली डेव्हिस (१८३०–१९२१) आणि फिन्सबरीमधून बेंजामिन लूक्राफ्ट (१८०९–९७) हे कामगार पुढारी विजयी झाले. मंडळाचे पहिले अध्यक्षपद हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडे आले. याच वर्षी मँचेस्टरमध्ये स्त्रीमताधिकार चळवळीतील लिडिया बेकर (१८२७–९०) निवडून आल्या.

प्रचाराचे विषय : आरंभीच्या निवडणुकांत धर्मशिक्षणाचा प्रश्न सर्वांत तीव्र होता. गरीब मुलांची पंथीय शाळांतील फी मंडळाने कराच्या पैशातून भरावी काय, यावरूनही कडाक्याचे वाद झाले. दुसरा विषय कराचा. खर्चात काटकसर करू, असे आश्वासन देणारे उमेदवार एकीकडे आणि प्रशस्त इमारती व प्रशिक्षित शिक्षक यांचा आग्रह धरणारे दुसरीकडे, अशी विभागणी प्रत्येक शहरात दिसे. १८८० मध्ये शालेय उपस्थिती सर्वत्र सक्तीची झाली, तेव्हा एक नवे वास्तव उघड झाले. शाळेत आलेली असंख्य मुले उपाशी व आजारी होती. मुलाला सक्तीने वर्गात बसवावयाचे, पण त्याच्या पोटाची चिंता करावयाची नाही, हे कितपत न्याय्य आहे, असा प्रश्न प्रचारसभांतून विचारला जाऊ लागला. या प्रश्नाला वाचा फोडणाऱ्यांत ॲनी बेझंट (१८४७–१९३३) प्रमुख होत्या. आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींच्या संपानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १८८८ मध्ये, त्या टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीच्या विभागातून सर्वाधिक मतांनी विजयी झाल्या. भुकेल्या मुलांना अन्न आणि मंडळाच्या कंत्राटदारांकडील कामगारांना योग्य वेतन, हे त्यांच्या कार्यक्रमातील मुख्य मुद्दे होते. पुढे १८९३ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९१७ मध्ये राष्ट्रसभेच्या अध्यक्ष झाल्या. ब्रॅडफर्डमध्ये मार्गारेट मॅकमिलन (१८६०–१९३१) १८९४ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आल्या. त्यांच्या प्रयत्नांमुळे तेथील एका शाळेत १८९७ मध्ये मुलांसाठी स्नानगृहे सुरू झाली. शाळांतून भोजन पुरविण्याची मुभा देणारा कायदा १९०६ मध्ये झाला, त्यामागे या मंडळांतील अनुभव होता.

अखेर : अनेक मंडळांनी प्राथमिक शिक्षणाची मर्यादा ओलांडून वरिष्ठ वर्ग व प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. या कामावर कराचा पैसा खर्च करणे बेकायदेशीर आहे, असा आक्षेप १८९९ मध्ये सरकारी लेखापरीक्षकाने घेतला आणि १९०१ मध्ये न्यायालयाने तो अंतिमतः उचलून धरला. १९०२ च्या शिक्षण कायद्याने शाळा मंडळे रद्द करून त्यांचे काम परगणा व नगर परिषदांकडे दिले. लंडनचे मंडळ १९०४ मध्ये संपुष्टात आले. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण एका यंत्रणेखाली आणण्याच्या दृष्टीने ही सुधारणा उपयुक्त होती. तथापि या परिषदांवर निवडून येण्याचा हक्क स्त्रियांना नव्हता. परिषदेच्या शिक्षण समितीवर स्त्रिया असाव्यात, असे कायद्याने सांगितले. पण तेथे त्यांची नेमणूक होई, निवड होत नसे. बत्तीस वर्षे मतदारांच्या पाठिंब्याने आलेल्या स्त्रिया आता परिषदेच्या मर्जीने येऊ लागल्या. मँचेस्टर मंडळावर १९०० मध्ये निवडून आलेल्या एमिलिन पँकहर्स्ट (१८५८–१९२८) यांनीही आपली निवडून आलेली जागा अशीच गमावली. १९०३ मध्ये त्यांनी स्त्रीमताधिकारासाठी लढाऊ संघटना स्थापन केली. परिषदांची दारे स्त्रियांना १९०७ च्या कायद्याने उघडली.

भारतातील पडसाद : भारतात हंटर आयोगाने (१८८२) प्राथमिक शिक्षण नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्याकडे सोपविण्याची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने शाळा मंडळे आली, पण त्यांचे सभासद स्थानिक संस्था निवडीत असत. शिक्षण या एकाच प्रश्नावर उमेदवाराने थेट जनतेचा कौल घेण्याची इंग्लंडमधील पद्धती येथे रुजली नाही. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यान्वये ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आले. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली. त्यांत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. शाळेच्या कारभारात स्थानिक लोकांना स्थान असावे, हे १८७० च्या मंडळांमागील तत्त्व या तरतुदीत वेगळ्या मार्गाने मान्य झालेले दिसते.