हिमस्खलनांचा दप्तरदार

आल्प्समधील उर्सेरेन खोऱ्यात अँडरमॅट गावाच्या माथ्यावर जी राई उभी आहे तिच्यावर कुऱ्हाड चालविण्यास 1397 साली लेखी मनाई झाली होती, हे कित्येक वर्षांपूर्वी वाचनात आले, तेव्हापासून हिमस्खलनाच्या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही. हिमाचे शास्त्र जन्मास येण्यापूर्वी कित्येक शतके त्या डोंगरी माणसांना हिम अडवून धरणाऱ्या झाडांचे मोल उमगले, ते केवळ वाडवडिलांच्या आठवणीवरून.

ही आठवण कागदावर उतरविण्याचे काम अंगावर घेणारा गृहस्थ म्हणजे योहान कोआत्स. 1822 साली जन्मलेला हा मोजणीदार नकाशाच्या कामावर असतानाच, 1850 मध्ये, पिझ बेर्निना या 4,049 मीटर उंचीच्या शिखरावर सर्वप्रथम पोहोचला. परंतु त्या पराक्रमापेक्षा त्याची अंमलदारी मला अधिक थोर वाटते. आधी ग्राउब्युंडेन प्रांताचा आणि 1875 पासून सबंध स्वित्झर्लंडचा मुख्य वनाधिकारी या नात्याने त्याने वनखात्याच्या माणसांकडून खबरा मागविल्या, हिम कोठे सुटले, कोठे थांबले, किती झाडे, घरे नि माणसे गेली याची नोंद घेतली, आणि 1881 च्या ग्रंथात व 1887-88 च्या भीषण हिवाळ्यावरील अहवालात ती शिस्तीने मांडली. कोसळणाऱ्या लोटाशी पायथ्याला झुंजण्यापेक्षा हिम सुटते तेथेच ते धरून ठेवावे, या विचाराने त्याने 1868 साली मार्टिना येथे उतारावर दगडी भिंती घातल्या. 1914 पर्यंत, म्हणजे वयाच्या 92 व्या वर्षापर्यंत, तो देशाच्या मुख्य वनाधिकाऱ्याच्या जागेवर होता!

पुढची पिढी हिमाच्या पोटात शिरली. 1936 साली दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे, एका खोपटात प्रयोगशाळा थाटली गेली. थर पातळ आणि थंडी कडक असली, तर जमिनीलगतच्या उबदार हिमातून वाफ वर चढते, वरच्या कणांवर गोठते, आणि तळाशी जाड साखरेसारखे, एकमेकांस न धरणारे स्फटिक उरतात; त्यांवर नव्या हिमाचा भार पडला की उतारच्या उतार निसटतो. म्हणून आजही जाणकार खड्डा खणून थरामागून थर चाचपतो: मूठ शिरते काय, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, की केवळ सुरी?

तरीही 1951 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये 98 माणसे दगावली. त्यांतील 13 एकट्या अँडरमॅटमध्ये, 20 जानेवारीस. त्यानंतर गावोगावचे धोक्याचे नकाशे आखण्यात आले, तेव्हा जुन्या स्खलनांच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागला. खड्डा आजच्या हिमाची प्रकृती सांगतो. लोट कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेल हे सांगण्यास कोआत्सचे दप्तरच लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे मनालीस 1969 साली या विषयाची सरकारी संस्था स्थापन झाली, आणि हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या थोडी नाही. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हवामानाचा अंदाज अवश्य पाहा, पण मुक्काम टाकण्यापूर्वी गावातल्या एखाद्या वृद्धास विचारा की, या घळीतून मागे कधी हिम उतरले होते, आणि ते कोठवर आले होते.