रत्नागिरीत एक दिवस : आधी तिथी बघा, मग प्लॅन करा

इयरफोन लावलेत? आजचा भाग रत्नागिरीवर. आणि हो, गणपतीपुळ्याला जाताना वाटेत चहा प्यायला थांबतो ती रत्नागिरी नाही, खुद्द शहर. ऐकायला वेळ नसेल तर खाली सगळं लिहून दिलंय.

रत्नागिरीत बघायला काय आहे, हे मोबाईलवर दोन मिनिटांत कळतं. कधी काय बघायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. इथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. त्यामुळे मी निघण्याआधी हॉटेल नाही, तिथी बघतो.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या आसपास भरती. पहाटे एकदा, दुपारी एकदा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या म्हणजे पंधरा धरायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. हा अंदाज आहे हं, थोडं मागेपुढे होतं. नक्की वेळ हवी तर भरतीचं कोष्टक फोनवर बघा.

आता हे वापरायचं कसं? समजा, पौर्णिमेच्या आसपास गेलात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी समुद्र भरलेला आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. म्हणून संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जा. एका बाजूला सुरूचं बन, समोर लांबच लांब ओली वाळू. चालत चालत झरीविनायकाच्या देवळापर्यंत जाता येतं. अष्टमीला गेलात तर उलटं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, वाळू कमी. तेव्हा मांडवीच्या जेटीवर बसून लाटा बघणं बरं.

वाळूवरून आठवलं. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. पाणी तेच, रंग वाळूचा! किल्ल्यावर भगवती देवीचं देऊळ आहे आणि तिथून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं. बंदरावर होड्या लागल्या की माशांचा लिलाव बघायला मजा येते. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईची स्वप्नं बघू नका.

आणि भरतीच्या वेळेत काय करायचं? गावात फिरायचं. थिबा पॅलेस बघाच. ब्रिटिशांनी १८८५ साली ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेहून पदच्युत करून काढलं आणि इतक्या लांब रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१०च्या सुमारास आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. परत कधी गेलाच नाही. तिथून टिळक आळीत या. १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला तो याच गावात. त्यांना १९०८ ला शिक्षा झाल्यावर ब्रिटिशांनी कुठे ठेवलं? मंडालेला! तिथला राजा इथे, इथला पुढारी तिथे. या दोन वास्तू एकाच दुपारी बघितल्या की इतिहासाच्या पुस्तकातली ती दोन वाक्यं पहिल्यांदा जोडली जातात. जवळच १९३१ चं पतितपावन मंदिर आहे. सावरकर इथे स्थानबद्ध असताना, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं देऊळ.

आता जरा सिरीयस. आरे-वारेचा रस्ता रील्समध्ये भारी दिसतो आणि प्रत्यक्षातही भारीच आहे. पण या पट्ट्यात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. कारण समजून घ्या. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. जिथून जातं तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसतं. आपल्याला वाटतं, हीच जागा सेफ. नेमकी तीच आत ओढणारी असते! ओढले गेलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, मग परत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. मित्र ओढला गेला तर मागोमाग उडी टाकू नका. रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका आणि स्थानिकांना हाका मारा. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. गाडी वाळूवर नेऊ नका, भरती तिची वाट बघत थांबत नाही.

आणि किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले काका म्हणाले, “आज नको पाण्यात जाव,” तर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. सरळ मागे फिरायचं आणि सोलकढी प्यायची.

तुमची ट्रिप कोणत्या तारखेला आहे? त्या दिवसाची तिथी बघा, पाऊणपट करा आणि ग्रुपवर टाका. चला, भेटू पुढच्या भागात!