डेल्कोशिवाय ठिणगी

(जुईनगर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि आज मी मोटारीच्या इंजिनावर बोलायला उभा आहे. आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्या आहेत. माझं काही चुकलं तर त्या सांगतीलच, कारण या गोष्टीच्या सुरुवातीला त्या गाडीत होत्या.

गाडी म्हणजे आमची 1989 सालची प्रीमियर पद्मिनी. नाव पद्मिनी, पण मुंबईत तिला सगळे फियाटच म्हणत आले. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. मूळची इटलीची फियाट 1100. 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्या मात्र अजून थोड्याफार आहेत, त्यातली एक आमची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. सौ.च्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आम्ही सकाळी मुंबईला निघालो. पाऊस आडवा-तिडवा. वाशीच्या खाडीपुलावर गाडीने मिसिंग मारायला सुरुवात केली आणि मधोमध बंद पडली. मागे ट्रक, बाजूला पाणी उडतंय, आणि शेजारी एका डोळ्याने नीट न दिसणारी बायको. मी बॉनेट उघडलं, डेल्कोचं झाकण काढलं, खिशातल्या रुमालाने पुसलं. तिसऱ्या खेपेला गाडी चालू झाली. ऑपरेशन वेळेवर झालं. पण परत येताना सौ. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी लोकलने जाईन."

म्हणून मी हा उद्योग केला. हौस म्हणून नव्हे.

आता डेल्को म्हणजे काय ते बघू. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, आपल्या गॅरेजमध्ये डेल्को. हे नाव अमेरिकेतल्या डेटन गावच्या कंपनीचं. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने तिथे बॅटरीवर चालणारी ठिणगीची पद्धत बसवली आणि 1910 च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. आमच्या फियाटमध्ये तत्त्व तेच होतं.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि प्लग ठिणगी टाकतो. फियाटला चार सिलिंडर. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. क्रँकचे दोन फेरे झाले की चारही सिलिंडरना एकेकदा ठिणगी मिळते. डेल्को हे काम तीन प्रकारे करतो. एक, पॉइंट उघडून कॉइलचा प्रवाह तोडतो, त्यामुळे हजारो व्होल्ट तयार होतात. दोन, आतला रोटर फिरत फिरत तो दाब योग्य त्या वायरला देतो. तीन, वेग वाढला की आतली वजनं बाहेर सरकून ठिणगी थोडी आधी पडू लागते.

आधी का? मिश्रण जळायला वेळ लागतो. ढोबळमानाने 2 मिलिसेकंद धरा. 1000 च्या वेगाला तेवढ्यात क्रँक 12 अंश फिरतो, 3000 ला 36 अंश. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी टाकायला हवी. तिला ॲडव्हान्स म्हणतात.

हे सगळं एका वीतभर उंचीच्या भांड्यात. मला त्याच्याविषयी आदरच आहे. पण ते म्हातारं होतं, आपल्यासारखंच. पॉइंट जळतात. दांड्याचा बुश झिजतो, मग दांडा डुगडुगतो आणि ठिणगीची वेळ हलते. झाकणाला केसाएवढी चीर गेली आणि पावसाळ्यात ओल शिरली की वीज प्लगकडे जायच्या ऐवजी त्या चिरेतून पळते. आमच्या पुलावर हेच झालं.

मधला एक मार्ग आहे. पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवायचा, बाकी डेल्को तसाच. स्वस्त आहे, अर्ध्या तासात होतं, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. पण झाकण आणि रोटर राहतात, म्हणजे ओलीचं दुखणं राहतंच. मला झाकणच नको होतं.

झाकण काढायचं तर प्रश्न येतो : कुठला पिस्टन कुठे आहे, हे आता सांगणार कोण?

उत्तर असं. क्रँकच्या पुलीवर एक दातेरी चाक बसवायचं. त्यावर दर 10 अंशाला एक, अशा 36 दातांच्या जागा. पण दात 35 च. एक मुद्दाम काढलेला. चाकासमोर साधारण 1 मिलिमीटर अंतरावर एक सेन्सर. म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तारेचं वेटोळं. दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेची लहर उठते. लहर, लहर, लहर, आणि मग एक जागा रिकामी. छोटा कॉम्प्युटर तिथून मोजायला लागतो. मी घेतलेल्या पद्धतीत पहिला पिस्टन वर पोचायच्या बरोबर 90 अंश आधी ती रिकामी जागा सेन्सरसमोर येते. म्हणजे नऊ दात मोजले की पिस्टन वर.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. पस्तीस दात आहेत, ते काहीच ओळखू येत नाहीत, सगळे सारखे. ओळख पटते ती नसलेल्या दातामुळे. आपल्याकडे यावर शतकानुशतकं वाद झालाय. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी हे ज्ञानाचं वेगळंच साधन आहे. नैयायिक म्हणतात, वेगळं कशाला, अभावही डोळ्यांनाच दिसतो. पण एका गोष्टीवर दोघांचं जमतं : नुसतं न दिसणं पुरत नाही. असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही.

सेन्सरचंही तेच. दात ठरावीक वेळाने येताहेत, ही अपेक्षा आधी तयार झाली तरच एक दात चुकल्याचं कळतं. म्हणून सेल्फ मारल्यावर इंजिन थोडं फिरू द्यावं लागतं, मगच पहिली ठिणगी पडते. आणि म्हणूनच सेन्सर सैल असला, अंतर जास्त झालं की गाडी चालू होत नाही. तेव्हा अंधार झालेला असतो.

दुसरी अडचण याहून गमतीची. क्रँकचे दोन फेरे म्हणजे एक चक्र. रिकामी जागा तर प्रत्येक फेऱ्यात येते. पहिला पिस्टन वर आला एवढं कळलं, पण तो मिश्रण दाबून वर आला की जळलेला धूर बाहेर ढकलून? क्रँकवरचं चाक हे सांगू शकत नाही. संध्याकाळी लांबून खांब दिसतो की माणूस, तसला हा संशय.

इंजिनिअरांनी तो संशय फेडलाच नाही. पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच वर येतात. एक दाबाच्या शेवटी, दुसरा धूर सोडण्याच्या शेवटी. तसेच दुसरा आणि तिसरा. मग जोडीतल्या दोघांनाही एकाच वेळी ठिणगी द्या. एकात मिश्रण पेटेल, दुसऱ्यात ठिणगी वाया जाईल. याचं नावच वेस्टेड स्पार्क. 1948 च्या सिट्रोएन टू-सीव्ही या दोन सिलिंडरच्या फ्रेंच गाडीत हीच युक्ती होती, तीही पॉइंटवर चालणारी. म्हणजे कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची.

वाया म्हणजे किती वाया? फारशी नाही. एकाच कॉइलच्या दोन टोकांना दोन प्लग असतात. वीज एका प्लगमधून इंजिनच्या लोखंडात आणि दुसऱ्या प्लगमधून परत, असा फेरा करते. धुराच्या सिलिंडरमध्ये दाब कमी, तिथे ठिणगी थोड्या व्होल्टात उडी मारते. उरलेला जोर दाबलेल्या मिश्रणाला मिळतो. शिवाय फायदा असा : 3000 च्या वेगाला जुन्या एकट्या कॉइलला सेकंदाला 100 ठिणग्या द्याव्या लागायच्या. आता दोन कॉइल, प्रत्येकीला 50. भरून घ्यायला दुप्पट वेळ.

आता करताना काय सांभाळायचं ते सांगतो. काही चुका मी केल्या आहेत.

डेल्को उपसून फेकू नका. कित्येक जुन्या इंजिनांत त्याच्याच दांड्यावर किंवा गिअरवर ऑइल पंप चालतो. दांडा गेला तर तेल बंद, आणि इंजिन जाम. आधी बघा, दांडा ठेवावा लागला तर वरचा भाग काढून भोक नीट बंद करा.

दातेरी चाक लेथवर अगदी मधोमध बसवून घ्या. माझं काम तुर्भ्याच्या एमआयडीसीत झालं, पहिल्यांदा चाक किंचित डगमगत होतं, ते पुन्हा करावं लागलं. पुलीला मध्ये रबर असेल तर बाहेरच्या कड्यावर चाक लावू नका. रबर सरकलं की सगळं गणित चुकतं.

प्लग आणि वायर रेझिस्टर असलेल्या जातीच्या घ्या. साध्या तांब्याच्या वायरीतून निघणारा गोंगाट कॉम्प्युटरला भ्रमात टाकतो. गाडीत अजून डायनॅमो असेल तर सावकाश वेगाला व्होल्टेज पडतं, तेही तपासा.

ॲडव्हान्सचा तक्ता भरताना जुन्या डेल्कोचे आकडे घेऊन सुरुवात करा. हौसेने वाढवत बसू नका. चढावर इंजिन खडखड वाजलं की ॲडव्हान्स जास्त झाला. तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. शेवटी टायमिंग लाइटने पडताळा घ्याच. मात्र इथे ठिणग्या दुप्पट पडतात, त्यामुळे आकड्यांची चकती असलेला लाइट दुप्पट ॲडव्हान्स दाखवू शकतो. माझा अर्धा दिवस त्यात गेला.

आणि तुमच्यापैकी कुणाला पेसमेकर असेल तर चालू इंजिनाच्या कॉइलजवळ जायचं नाही. हे हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या मेकॅनिकचं सांगतो. गेली वीस वर्षं तोच गाडी बघतो. पॉलिश पेपरने पॉइंट घासून, कानाने टायमिंग लावणारा माणूस. सगळं बसवल्यावर गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, संथ, एका सुरात. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर, छान झालं. पण आता ही रस्त्यात बंद पडली तर माझ्या हातात काय आहे?"

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. डेल्को बिघडायचा वारंवार, पण बिघडलेला दिसायचा, आणि रुमालाने दुरुस्त व्हायचा. कॉम्प्युटर क्वचित बिघडतो, पण बिघडला तर दिसत नाही. एक दिलासा आहे. ॲडव्हान्स ठरवणारा कॉम्प्युटर गप्प झाला तरी माझ्याकडचं ठिणगीचं मॉड्यूल स्वतःहून 10 अंशावर ठिणगी देत राहतं. जोर कमी, पण घरी पोचता येतं. सेन्सर गेला तर मात्र गाडी उभी. म्हणून मी एक जादा सेन्सर डिकीत ठेवतो, आणि त्याच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेला जुना डेल्को, झाकणासकट. मेकॅनिकला सगळ्या जोडणीचा आराखडा मराठीत काढून दिलाय. तो त्याने गॅरेजच्या भिंतीला चिकटवला आहे.

एका श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली : मग ही तीच गाडी राहिली का? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं. चाक रथ नाही, आस रथ नाही, मग रथ कुठे? बौद्ध म्हणतील, गाडी हे सुट्या भागांना दिलेलं नाव. नैयायिक म्हणतील, भागांहून वेगळी अशी अखंड गाडी असते. मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण मागच्या जुलैत सौ. स्वतःहून म्हणाल्या, दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला फियाटनेच जाऊ. पूल ओलांडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

आता प्रश्न विचारा.