डाग आधी ओळखावा, मग काढावा!

वापरलेली मोटार घरी आली की पहिल्या दिवशी पेढे आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षण, असा साधारण क्रम असतो. विक्रेत्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइटखाली आरशासारखी लखलखणारी गाडी सोसायटीच्या आवारात सकाळच्या तिरप्या उन्हात उभी राहिली, की बॉनेटवर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा, टपावर पांढुरके चट्टे, दाराच्या कडेला उडालेला टवका, मागच्या चाकाच्या कमानीवर छोटासा फुगवटा असे एकेक प्रकट होऊ लागते. नवा मालक अस्वस्थ होतो आणि जवळच्या दुकानातून रबिंग कंपाउंडची डबी आणून घासायला बसतो. अनर्थाला सुरुवात होते ती येथेच. सगळे डाग डोळ्यांना सारखेच खुपत असले, तरी ते रंगाच्या वेगवेगळ्या थरांत असतात. काही घासल्याने जातात, काही घासल्याने वाढतात; आणि काहींच्या बाबतीत रंग हा केवळ निरोप्या असतो, खाली पत्रा कुजत असतो.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा थर; त्यासाठी गाडीचा संपूर्ण सांगाडा कारखान्यात टाकीमध्ये बुडवून विजेच्या साहाय्याने हा लेप चढवितात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप. या चारही थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. त्यातील क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा. गाडीची चकाकी आणि उन्हापासून रंगाचे संरक्षण या दोन्ही गोष्टी या लेपावरच अवलंबून असतात. पॉलिश करणे म्हणजे हा लेप किंचित तासून सपाट करणे होय. तासलेला लेप परत येत नाही आणि आधीच्या मालकाने तो किती वेळा तासून घेतला आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत हात राखून काम करायचे ते याचसाठी.

‘कंपाउंड मारा, गाडी नवी होईल’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला चुकीचा नव्हता. तो वेगळ्या रंगासाठी होता. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या जमान्यातील साध्या रंगांवर पारदर्शक लेप नसे. वरचा निस्तेज रंग घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई आणि फडके रंगून निघे. हीच खूण आजही उपयोगी पडते. दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडेसे पॉलिश लावून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक लेप नाही, किंवा तो झिजून गेला आहे. (पांढऱ्या गाडीवर ही परीक्षा काळ्या फडक्याने करावी.)

मात्र कोणत्याही परीक्षेपूर्वी गाडी सावलीत, भरपूर पाण्याने आणि गाड्यांसाठीच्या शांपूने दोन-तीनदा धुवावी. विक्रीपूर्वी लावली जाणारी काही पॉलिशे चरे काढीत नाहीत, तेलकट द्रव्याने बुजवितात. तीन-चार धुण्यांत ती निघून जातात आणि खरा रंग दिसतो. खरेदीनंतर पहिल्याच पावसात गाडी ‘म्हातारी’ झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, तो यामुळे.

धुतल्यावरही रंगावरून हात फिरविताना खरखर लागली, तर तो बहुधा रंगाचा दोष नव्हे, रंगावर बसलेला ऐवज आहे. शेजारच्या इमारतीच्या रंगकामाचे तुषार, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक असे त्याचे अनेक प्रकार. लोहमार्गालगत उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी टिपके दिसतात. ते रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण होत. गंजतात ते कण, गाडी नव्हे. अशा वेळी मळलेल्या कणकेसारखा दिसणारा ‘क्ले बार’ साबणपाण्याच्या ओलाव्यावर हलक्या हाताने फिरवावा. तो कण उचलून घेतो. कोरडा फिरविला, किंवा जमिनीवर पडलेला तसाच वापरला, तर नवे चरे पाडतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके ताजे असतील, तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात. मात्र नंतर तो भाग लगेच स्वच्छ पाण्याने धुवायला हवा. बांधकामाच्या सिमेंटचे शिंतोडे नखाने वा पात्याने खरवडू नयेत, त्यासाठी व्यावसायिकाकडेच जावे.

पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग ही वेगळीच जात. भर उन्हात बॉनेटला हात लावला तर चटका बसतो, इतका पत्रा तापतो. त्या उष्णतेने लेप किंचित मऊ होतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आवळला जातो. विष्ठेतील आम्ल त्यात भर घालते. उंबर किंवा जांभळाखाली गाडी उभी असेल, तर वटवाघळे हाच उद्योग रात्री करतात. ताजा डाग ओले फडके दहा मिनिटे ठेवून, न घासता उचलावा. जुन्या गाडीवर मागच्या मालकाच्या काळातील असा डाग असेल, तर त्याची बाह्यरेषा पॉलिशने पुसट होते. तेवढ्यावर समाधान मानणे बरे.

चऱ्यांसाठी नखाची परीक्षा पुरेशी आहे. चऱ्यावर पाणी शिंपडल्यावर तो दिसेनासा झाला आणि आडवे फिरविलेले नख त्यात अडकले नाही, तर चरा पारदर्शक लेपातच आहे. बारीक पॉलिशने तो जाईल. नख अडकले तर घासून उपयोग नाही, कारण चऱ्याच्या तळापर्यंत पोहोचायचे म्हणजे भोवतालचा सगळा लेप तितकाच खाली आणायचा. यंत्राने पॉलिश करून घेताना दाराच्या कडा आणि बॉनेटवरील उंचवटे यांवर कागदी चिकटपट्टी लावण्याचा आग्रह धरावा. तेथे लेप पातळ असतो आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्राखाली काही क्षणांत निघून जातो.

कोळिष्टकासारख्या बारीक रेषांचा उगम मात्र अपघातात नसून स्वच्छतेत असतो. आपल्या शहरांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन डझनभर गाड्या पुसणारी व्यवस्था आहे. पहिल्या गाडीची धूळ बाराव्या गाडीवर वाळूच्या कागदासारखी फिरते. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जेवढे पाणी आणि जेवढा मोबदला मिळतो, त्यात एवढेच होणार. स्वतःची दोन मायक्रोफायबरची फडकी त्याच्या हाती द्यावीत आणि धूळ कोरडी न पुसता आधी पाण्याने उतरवायला सांगावे. हे न करता पॉलिशवर खर्च केला, तर महिन्याभरात रेषा परत येतात.

टवका उडून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वी तो बंद करणे महत्त्वाचे, दिसणे दुय्यम. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांत इंजिनाजवळच्या किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवर असतो. त्या क्रमांकाच्या टच-अप रंगाचा थेंब दातकोरणीच्या टोकाने टवक्यातच सोडावा, वाळू द्यावा, पुन्हा सोडावा. ब्रशने फासल्यास टवक्यापेक्षा ठिगळ मोठे दिसते. रुपेरी आणि मोतिया रंगांत क्रमांक जुळूनही छटा जुळत नाही, कारण धातूचे सूक्ष्म कण फवाऱ्यातून बसताना जसे पसरतात तसे थेंबातून पसरत नाहीत. शिवाय जुना रंग उन्हाने उतरलेला असतो. प्लास्टिकच्या बंपरवरील खरचटा कितीही कुरूप असो, तो गंजत नाही. हात आखडता घ्यायचा असेल तर तो येथे घ्यावा. टपावर किंवा बॉनेटवर पापुद्रे सुटून पांढुरके नकाशे उमटले असतील, तर पारदर्शक लेपच संपला आहे. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. तो संपूर्ण भाग घासून पुन्हा रंगविणे एवढाच मार्ग उरतो.

ज्याची खरी भीती बाळगावी, तो डाग म्हणजे फुगवटा. चाकाच्या कमानीची आतली कड, दाराचा तळ, उंबरठा आणि डिकीचा तळ येथे चिखल साचतो, पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर बोराएवढा फोड दिसेपर्यंत मागील बाजूस तो बराच पसरलेला असतो. समुद्राकाठच्या शहरांत वापरलेल्या गाडीबाबत ही तपासणी टाळूच नये. वरून घासून रंग मारून देणारा कारागीर स्वस्तात काम करील, पण पुढच्या पावसाळ्यात फोड तेथेच येईल. चमकता पत्रा लागेपर्यंत घासणे, गंजरोधक द्रव्य, इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग, शिवाय आतील बाजूनेही लेप, असे ते काम आहे. उंबरठा, तळ किंवा सस्पेन्शनच्या जोडणीजवळ पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाखाली दबत असेल, तर प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. त्या भागांवर गाडीचा भार असतो आणि तेथे रंगाऱ्याआधी वेल्डिंगचा जाणकार लागतो.

रंग गाडीचा इतिहासही सांगतो. रबराच्या पट्ट्यांवर उडालेला रंग, एका दाराची किंचित वेगळी छटा, बोल्टच्या डोक्यावरील निघालेला रंग ही दुरुस्तीची चिन्हे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर एके ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे सैल बसले, तर खाली पुट्टीचा जाड थर आहे. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमच्या भागांवर ही युक्ती चालत नाही. जाडी मोजण्याचे यंत्र अधिक खात्रीचे. दोनशे मायक्रॉनच्या बरेच वर आकडा गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगविलेला असतो, आणि पाचशेच्या पुढे गेला तर पुट्टी गृहीत धरावी. एखादे दार रंगविलेले असणे हा गुन्हा नाही. मात्र टप किंवा खांब रंगविलेला आढळला, तर सांगाड्याची तपासणी करून घ्यावी.

विम्यावर मात्र फार विसंबू नये. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी हस्तांतरासाठी विमा कंपनीकडे अर्ज करणे आवश्यक असते. खरेदीपूर्वीचे चरे आणि गंज भरपाईत बसत नाहीत, आणि दाव्यांमुळे न घटलेला आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ नव्या मालकाला मिळत नाही. एखाद-दुसऱ्या चऱ्यासाठी दावा केला, तर ठरलेली वजावट जाऊन हाती थोडेच येते आणि स्वतःचा बोनस मात्र बुडतो. सगळी गाडीच वेगळ्या रंगात रंगविण्याचा विचार असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते. ती बदलून घेण्यासाठी काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओकडे विचारणा करावी.